आमची वाटचाल : रोजच्या अक्षरासाठी इटॅलिक निब

शाईची पेने दुरुस्त करण्याचा आमचा व्यवसाय वडिलांनी फोर्ट परिसरातील एका पदपथावर सुरू केला. त्या काळी कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या खिशाला पेन असायचेच, आणि पेन म्हटले की ते गळणार, अडणार, पडून त्याची निब वाकणार, हे ओघाने आलेच. मुंबईतच तयार होणारी एअरमेल आणि वॅलिटीची पेने, तसेच १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅमलिनची शाई एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालला. पुढे बॉलपेन आले आणि पदपथावरचे पेनवाले एकामागून एक उठले. वडिलांनी मात्र गिरगावात भाड्याने एक गाळा घेतला आणि दुरुस्तीचे काम चालू ठेवले. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. जुनी गिऱ्हाइके होती आणि दुकान तगून राहिले, इतकेच.

माझ्या हाती कारभार आला तेव्हा दुकानात येणारे लोक बदलू लागले होते. पेन दुरुस्त करून घेण्यापेक्षा अक्षर सुधारण्याची इच्छा धरून येणारे वाढले. त्यांत वकील होते, डॉक्टर होते, रोजनिशी लिहिणारे निवृत्त शिक्षक होते आणि अर्थातच उपयोजित कलेचे विद्यार्थी होते. बहुतेकांनी कुठेतरी इटॅलिक निबचे लेखन पाहिलेले असे, आणि उभी रेघ जाड व आडवी रेघ बारीक देणारी ती रुंद, चपट्या टोकाची निब आपल्यालाही हवी, असे त्यांचे म्हणणे असे. आमच्या आजच्या व्यवसायाचा निम्म्याहून अधिक भाग या एका मागणीतून उभा राहिला आहे.

बाजारात तयार मिळणाऱ्या इटॅलिक निबांपैकी सर्वांत प्रचलित माप १.१ मिलिमीटरचे. लॅमी कंपनी १.१, १.५ आणि १.९ अशा तीन मापांत पोलादी निबा देते, आणि त्या पेनावरून सहज काढून बदलता येत असल्यामुळे नवख्या माणसाला त्या सोयीच्या वाटतात. परंतु रोजच्या लेखनासाठी यांतील सर्वांत बारीक निबही बहुतेकांना जाडच पडते, आणि याचे कारण साध्या गुणाकारात आहे. रोमन इटॅलिक लिपीत लहान अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या सुमारे पाचपट धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने १.१ च्या निबला साडेपाच मिलिमीटर उंचीचे अक्षर लागते. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर ते शोभते. अशिलाच्या कागदपत्रांच्या समासात टिपण करायचे झाले तर एका ओळीत चार शब्दही मावत नाहीत. ज्यांचे अक्षर तीन-साडेतीन मिलिमीटरचे आहे, त्यांना ०.६ ते ०.७ चीच निब हवी. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईक आले की आम्ही आधी त्याची वही मागतो, पट्टीने अक्षराची उंची मोजतो आणि मगच निबचा डबा उघडतो.

देवनागरीसाठी हा हिशेब आणखी आवळावा लागतो, कारण आपल्या अक्षरांत गाठी आहेत, पोटे आहेत, जोडाक्षरे आहेत. चाचणीसाठी आम्ही मुद्दाम ‘क्षुद्र’, ‘ध्रुव’, ‘मृद्गंध’ असे शब्द लिहायला सांगतो. निब जाड असेल तर ‘ध’ची गाठ शाईने भरून जाते आणि ‘क्ष’च्या आतली पोकळी दिसेनाशी होते, ‘राम’ किंवा ‘कमल’ लिहून हे कधीच कळत नाही. जी निब ‘मृद्गंध’मध्ये प्रत्येक अवयव मोकळा ठेवते, ती त्या माणसाची निब.

दुसरा प्रश्न कडांचा. टोकाचे दोन्ही कोपरे धारदार ठेवले तर रेघ अत्यंत स्वच्छ येते, परंतु हात जरा वळला की कोपरा कागदात रुततो आणि कागदाचे तंतू फटीत अडकतात. कोपरे पूर्ण गोल केले तर ती स्टब निब झाली. ती कुठल्याही हाताला चालते, मात्र जाड-बारीक रेघांतला फरक तिच्यात मवाळ होतो. या दोहोंच्या मधली, कोपरे जेमतेम मोडलेली निब कर्सिव्ह इटॅलिक म्हणून ओळखली जाते. रोजच्या वापरासाठी मी हीच सुचवतो. ज्याला घाईघाईने लिहायचे असते, उदाहरणार्थ दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला, त्याला मात्र मी सरळ स्टब देतो. धारदार कोपऱ्यांची निब सुलेखनाच्या मेजावर ठेवावी, खिशात नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारीक मापाच्या अशा निबा सहज मिळत नसल्यामुळे आम्ही त्या घासून देऊ लागलो, आणि दुकानाची खरी ओळख इथून झाली. बॉक किंवा योवो या जर्मन कारखान्यांची मध्यम वा जाड टोकाची निब घ्यायची, टोकावरच्या कठीण मिश्रधातूच्या गोळीची वरची आणि खालची बाजू सपाट करायची, पुढची कड सरळ करायची आणि शेवटी अगदी बारीक घासपट्टीवर इंग्रजी आठचा आकार काढत कोपरे मोडायचे. दर दोन-चार फेऱ्यांनंतर दहापट भिंगाखाली पाहावे लागते, कारण एकदा गेलेली धातू परत येत नाही. घासण्यापूर्वी निबच्या फटीच्या दोन बाजूंची पाती एका पातळीत आहेत ना, हे तपासले नाही तर सगळी मेहनत वाया जाते. खरखरीची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक निबा घासायच्या नसतात, नुसत्या सरळ करायच्या असतात.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी आम्ही गेल्या काही वर्षांत एक वेगळा छेद देऊ लागलो आहोत. पूर्वीचा बोरू देवनागरीसाठी रोमन टाकाच्या उलट दिशेने तिरका कापलेला असे, त्यामुळे ‘ठ’सारख्या गोल अक्षरात वजन वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या अंगाला येते. बाजारातली इटॅलिक निब रोमन लिपीसाठी घडवलेली असल्याने ती हेच वजन वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या अंगाला टाकते. वाचणाऱ्याला नेमके काय खटकते हे सांगता येत नाही, पण अक्षर परके वाटते. बोरूचा पूर्ण तिरका छेद आजच्या पेन धरण्याच्या सवयीला झेपत नाही. म्हणून आम्ही टोक किंचितच तिरपे घासतो, जेणेकरून कड ओळीला समांतर होण्याकडे झुकते, काना भरदार उमटतो आणि शिरोरेषा बारीक राहते. सुलेखन शिकवणाऱ्या काही मंडळींनी हा छेद वापरून पाहिला आणि त्यांच्या सूचनांवरून आम्ही तिरकेपणा आणखी कमी केला.

मुंबईच्या पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. हवेतल्या दमटपणाने कागद ओलावा धरतो, शाई फुटते, आणि मे महिन्यात नेमकी वाटलेली निब जुलैत जाड वाटू लागते. इटॅलिक निब तशीही शाई जास्त सोडते. त्यामुळे साध्या वहीवर लिहिणाऱ्यांना आम्ही एक माप खालची निब आणि कमी पाझरणारी शाई देतो; आयर्न गॉल, म्हणजे लोहक्षार आणि टॅनिनपासून बनणाऱ्या शाईची रेघ हलक्या कागदावरही बरीच आटोपशीर राहते, फक्त ती पेनात महिनोन्महिने पडू देऊ नये.

सोन्याच्या निबा आम्ही घासतो, परंतु पहिल्या भेटीत घेत नाही. चौदा कॅरेटची निब असली तरी कागदावर टेकते ती टोकावरची कठीण गोळीच, त्यामुळे नुसती रेघ पाहण्यासाठी पोलादी निब पुरेशी आहे. आजोबांचे पेन घेऊन आलेल्या माणसाला आम्ही त्याच मापाची पोलादी निब बसवलेले पेन महिनाभर वापरायला देतो. महिन्यानंतरही त्याला तेच माप हवे असेल, तर मग आजोबांच्या पेनाला हात लावतो.