नवग्रहांच्या दारी: कुंभकोणमजवळच्या नऊ देवळांचे तीन दिवस

आईची मीन रास. साडेसातीचा मधला टप्पा सुरू झाल्यापासून घरात काहीही बिनसलं की ती "शनी आहे ना" म्हणायची. दर शनिवारी तेल वाहून यायची, तरी मनातली धास्ती जाईना. शेवटी म्हटलं, चल, शनीलाच भेटून येऊ. आणि तिकडे जायचंच तर बाकीच्या आठ जणांचंही दर्शन घेऊन येऊ. फेब्रुवारीत आम्ही मायलेकी कुंभकोणमला जाऊन आलो. मागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तामिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणम मुक्कामाला धरलं की साठेक किलोमीटरच्या आत नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत. त्यातलं शनीचं तिरुनळ्ळार पुदुच्चेरीच्या कारैकल भागात येतं, बाकी आठ तामिळनाडूत. सूर्याचं सोडलं तर ही सगळी मुळात शंकराची देवळं आहेत. गाभाऱ्यात शिवलिंग, आणि ग्रह त्याच्या आवारात. कुठे ग्रहाला कुष्ठ झालं म्हणून तो इथे बरा व्हायला आला, कुठे शाप उतरवायला तप करत बसला, अशाच कथा. म्हणजे ज्याला आपण घाबरतो तोही इथे कुणाच्या तरी पायाशी उभा आहे. हे एकदा मनात बसलं की सगळी यात्रा वेगळी दिसायला लागते. म्हणून पहिला नियम: आधी मूळ शिवाचं आणि अंबेचं दर्शन घ्यायचं, मग ग्रहाचं. गावोगावचे गुरुक्कलही (शिवाच्या देवळातले पुजारी) हेच सांगतात.

मुंबई-पुण्याहून रेल्वेने चेन्नई, तिथून रात्रीची उळवन एक्स्प्रेस (उळवन म्हणजे शेतकरी) पहाटे कुंभकोणमला सोडते. चेन्नईत गाडी बदलताना स्टेशनही बदलतं, त्यामुळे पुढची गाडी एग्मोरहून आहे की तांबरमहून ते तिकिटावर नीट बघा आणि मध्ये चार-पाच तास ठेवा. विमानाने जायचं तर त्रिची जवळ पडतं, तिथून टॅक्सीने दोन-अडीच तास.

नऊ देवळं एका दिवसात दाखवणाऱ्या गाड्या खूप आहेत. शनिवार-रविवारी तिथल्या सरकारी परिवहनाचीही तशी बस असते. तरुण माणसांना ती जमेल. सत्तरीच्या माणसाला घेऊन जाऊ नका. देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. पहाटे निघून बाराच्या आत पाच आणि चारनंतर चार, अशी धावपळ होते. दर्शन होतं, पण डोळे भरून काही बघणं होत नाही. आम्ही तीन दिवसांसाठी गाडी ठरवली. ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल आणि पार्किंग हे सगळं भाड्यात धरलं आहे का, ते आधीच कागदावर लिहून घ्या.

वार निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. ज्या ग्रहाचा वार, त्या देवळात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नसते. मंगळवारी वैद्दीश्वरन कोविल, गुरुवारी आलंगुडी, शनिवारी तिरुनळ्ळार. त्या वारीच दर्शन हवं असा तुमचा नेम असेल तर प्रश्नच नाही, पण सोबत म्हातारं माणूस असेल तर तो वार टाळा. आम्ही रविवार, सोमवार, मंगळवार असे धरले आणि कुठेही अर्ध्या तासाच्या वर रांगेत उभं राहावं लागलं नाही.

रविवारी सकाळी पहिलं तिंगळूर, चंद्राचं. तिंगळ म्हणजेच चंद्र. कैलासनाथाचं छोटंसं, शांत देऊळ. इथे तान्ह्या बाळांचं उष्टावण करायला लोक येतात. आमच्यासमोर एका आजीने नातवाच्या तोंडात भाताचं शीत घातलं, त्याने ते तितक्याच तत्परतेने बाहेर काढलं, आजीने पुन्हा घातलं. याच गावात अप्पूदी अडिगळ नावाचे शिवभक्त होऊन गेले. अप्पर संतांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्यांनी आपल्या मुलांना आणि गावच्या पाणपोईलाही अप्परांचं नाव दिलं होतं. पुढे अप्पर घरी जेवायला आले त्याच दिवशी मुलाला साप चावला, आणि अप्परांनी पद गाऊन त्याला उठवलं, अशी कथा. आपल्या संतांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आईला ती लगेच आपली वाटली.

तिथून तिरुवैयारू अगदी जवळ. कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे, १८४७ साली ते तिथे समाधिस्थ झाले. मेट्टूर धरणाचं पाणी साधारण जानेवारीअखेर बंद होतं, त्यामुळे फेब्रुवारीत नदी वाळूतून बारीक धारेने वाहत होती. आम्ही तिथे जरा जास्तच रेंगाळलो. रस्त्यावर भातकापणीनंतरचं धान वाळत घातलेलं, गाडी एका कडेने हळूहळू चाललेली. आलंगुडीला पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारातल्या बाईंनी हात हलवला, "नडै सात्तियाच्चु." दार लागलं. हे दोन शब्द लक्षात ठेवा, म्हणजे उगाच पुढे जाऊन चौकशी करावी लागणार नाही. चारपर्यंत आम्ही बाहेरच्या दुकानाच्या पडवीत बसून काढले. चूक माझीच. दुपारच्या आत जे देऊळ गाठायचं ते साडेअकराला गाठायचं असं धरून निघा.

आलंगुडीला गुरू म्हणून पुजला जातो तो दक्षिणामूर्ती, म्हणजे वडाखाली बसून मौनाने शिकवणारा शिवच. गाभाऱ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात. त्याला पिवळं वस्त्र आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची माळ घालतात. फुलांच्या माळेसारखी दोऱ्यात ओवलेली हरभऱ्याची माळ आईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि ओवणाऱ्या बाईंशेजारी बसून सुई कुठून घालायची ते शिकून घेतलं.

इथेच अर्चनेच्या, म्हणजे आपल्या नावाने करवून घ्यायच्या पूजेच्या वेळी आमची गाडी अडली. गुरुक्कल नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात. आईने "उत्तराभाद्रपदा" सांगितलं, त्यांना कळेना. मी पुन्हा सांगितलं, तरी नाही. मागच्या माणसाने विचारलं, "मीनम? उत्तिरट्टादि?" आणि गुरुक्कलांचा चेहरा खुलला. तेव्हा आपल्या घरच्यांची नक्षत्रं तामिळ नावांनी लिहूनच न्या. कृत्तिका म्हणजे कार्तिगै, आर्द्रा तिरुवादिरै, पुष्य पूसम, आश्लेषा आयिल्यम, मघा मगम, पूर्वा पूरम, उत्तरा उत्तिरम, अनुराधा अनुषम, ज्येष्ठा केट्टै, पूर्वाषाढा पूराडम, उत्तराषाढा उत्तिराडम, श्रवण तिरुवोणम, धनिष्ठा अविट्टम, शततारका सदयम, पूर्वाभाद्रपदा पूरट्टादि. रोहिणी, स्वाती, रेवती तशीच चालतात. अर्चनेचं तिकीट देवस्थानच्या खिडकीवर मिळतं. सुटे पैसे जवळ ठेवा.

संध्याकाळी तिरुनागेश्वरम, राहूचं. कुंभकोणमपासून सहाच किलोमीटर. इथे रोज राहुकाळात राहूला दुधाचा अभिषेक होतो. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा, आणि आम्ही सव्वापाचला पोचलो. आपल्याकडे राहुकाळात शुभकाम करत नाहीत, इथे त्याच वेळेसाठी लोक लांबून येतात. नागवल्ली आणि नागकन्नी या दोन पत्नींसह राहू बसलेला. दूध डोक्यावरून खाली उतरताना निळं होतं अशी इथली ख्याती. मी टाचा उंचावून बघत होते. अंगावरून ओघळणाऱ्या धारेला निळसर झाक दिसली खरी, आणि सगळ्या मंडपातून एकच हुंकार उठला. जवळच ओप्पिलियप्पन विष्णूचं देऊळ आहे, तिथला नैवेद्य बिनमिठाचा असतो. वेळ असेल तर तेही करा.

सोमवारी सूर्यनार कोविलच्या वाटेवर गोविंदपुरमला थांबलो. मराठी माणसाने इथे न थांबता पुढे जाऊच नये. मोठं विठ्ठल-रुक्मिणी मंदिर आहे. तामिळ मुलुखात, भाताच्या शेतांमध्ये, कटेवर हात ठेवून आपला पांडुरंग उभा, आणि समोर तामिळ उच्चारात अभंग चाललेले. आई खांबाला टेकून गायला लागली, आणि शेजारच्या नऊवारीसारख्या साडीतल्या मामींनी तिच्या हातात टाळ दिले. तिथे तासभर गेला, त्याचं मला काही वाटलं नाही.

सूर्यनार कोविलच्या आधी तिरुमंगलक्कुडीच्या प्राणनाथेश्वराचं दर्शन घ्यायची रीत आहे. सूर्याचं देऊळ कुलोत्तुंग चोळ पहिला याच्या काळातलं. उषा आणि छाया यांच्यासह सूर्य, समोर नंदीऐवजी घोडा, आणि बाकीच्या आठही ग्रहांची वेगवेगळी छोटी देवळं याच आवारात. ज्यांना नऊ ठिकाणी जाणं शक्य नाही त्यांनी हे एक देऊळ केलं तरी नऊही ग्रहांचं दर्शन होतं. शापातून सुटण्यासाठी ग्रहांनी रुईच्या पानावर दहीभात खाल्ला, ती कथा इथलीच. कंजनूरचं शुक्राचं देऊळ इथून चार-पाच किलोमीटरवर. तिथे शुक्राची वेगळी मूर्ती शोधू नका, अग्नीश्वर शिवलिंगच शुक्र मानतात. इथल्या दगडी नंदीने हरदत्त शिवाचार्यांच्या सांगण्यावरून गवत खाल्लं, अशी आख्यायिका आहे.

चारला वैद्दीश्वरन कोविल उघडलं तेव्हा आम्ही दारातच होतो. देवळांमधलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं हेच. मंगळाला म्हणजे अंगारकाला कुष्ठ झालं, आणि वैद्यनाथाने त्याला बरं केलं. त्यामुळे इथे येणारे बहुतेक लोक आजारपण घेऊन येतात. कुणी हात, पाय, डोळे यांचे चांदीचे पत्रे वाहतं, कुणी मीठ-मिरी ठेवतं, कुणी तळ्यात गूळ सोडतं. डोक्याला रुमाल बांधलेली, उपचारांनी केस गेलेली एक मुलगी तय्यलनायकी अंबेसमोर भिंतीला टेकून बसली होती. तिची आई तिला मिरीचे दाणे मोजून देत होती, एक, दोन, तीन, आणि ती ते एकेक करून ताटलीत टाकत होती. माझी आई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गावात नाडीज्योतिषाच्या पाट्या पावलोपावली आहेत, आणि एजंट गाडीच्या काचेवर टकटक करतात. जायचंच असेल तर पैसे आधी पक्के ठरवा. आम्ही गेलो नाही. मुक्काम मात्र इथेच केला, म्हणजे तिसऱ्या दिवसाची धावपळ वाचते.

मंगळवारी सकाळी तिरुवेंकाडु, बुधाचं. भलं मोठं देऊळ, तीन तीर्थं, आणि शिवाची दुर्मीळ अघोरमूर्ती. तिथून कीळपेरुंपळ्ळम. केतूचं देऊळ अगदी लहान, गावातल्या घरासारखं. नागाचं मस्तक असलेला केतू हात जोडून उभा आहे. नैवेद्याला हुलगे. "हा तर आपल्यासारखाच हात जोडून उभा आहे," आई म्हणाली. दुपार आम्ही तरंगंबाडीला समुद्रकाठी काढली, तिथे डॅनिश लोकांनी १६२० साली बांधलेला किल्ला आहे आणि सावलीत बसायला जागाही.

चारला तिरुनळ्ळार. नळ-दमयंतीतला नळ इथल्या तीर्थात न्हाला आणि देवळात शिरला, तेव्हा त्याच्या मागे लागलेला शनी शिवाच्या धाकाने आत येऊ शकला नाही, दारातच थांबला. म्हणून शनीची मूर्ती आतल्या दाराजवळच्या कोनाड्यात आहे. नळतीर्थावर तेल लावून अंघोळ करतात आणि अंगावरचे कपडे तिथेच सोडतात. जुनी साडी सोबत न्या, कपडे पाण्यात टाकू नका, ठरलेल्या जागीच टाका. पायऱ्या तेलाने निसरड्या असतात, म्हाताऱ्या माणसाचा हात सोडू नका. दोष काढून देतो म्हणणारे गाठ पडतात. नम्रपणे नको म्हणा आणि देवस्थानच्या खिडकीवर जा.

आईने शिंगणापूरची उघड्यावरची शिळा पाहिलेली, त्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी उग्र होतं. प्रत्यक्षात लहानशी मूर्ती, आणि उजवा हात अभयमुद्रेत. ती बराच वेळ बघत राहिली. मग माझा दंड धरून म्हणाली, "अगं, हा तर भिऊ नकोस म्हणतोय."

एक दिवस हातात असेल तर परतताना तंजावर करा. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या आवारात १८०३ सालचा प्रचंड मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. तीन दिवस तामिळ पाट्यांत हरवलेली आई भिंतीवरची देवनागरी अक्षरं बोटाने न शिवता वाचत होती. राजवाड्यातल्या कलादालनात तिरुवेंकाडुला सापडलेली १०११ सालची वृषभवाहन शिवाची ब्राँझमूर्ती आहे. बैल आता नाही, शिव नुसता त्याच्यावर रेलून उभा असल्यासारखा.

उरलं ते किरकोळ. दगडी फरशी दुपारी भाजते, मोजे ठेवा. उंबरे उंच असतात आणि त्यावर पाय देत नाहीत. पुरुषांनी एक पंचा-धोतर जवळ ठेवावं. सकाळी पितळी डवऱ्यातली (पसरट वाटीतली) डिग्री कॉफी घेतल्याशिवाय निघू नका. आणि प्रत्येक देवळात विभूती मिळते, ती बांधताना लगेच पुडीवर देवळाचं नाव लिहा. आमच्या नऊ पुड्या घरी आल्या तेव्हा दोनच ओळखता आल्या.