काचेच्या बरणीतली गोष्ट

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एका क्रीमचा फोटो पाठवला आणि खाली विचारले, "मावशी, लग्नाआधी हे घेऊ का? महाग आहे, पण त्यामागची गोष्ट वाच." तिचे लग्न डिसेंबरात आहे. मी ती गोष्ट वाचली, पण लगेच उत्तर दिले नाही, कारण अकरा वर्षांपूर्वी अशाच एका गोष्टीवर विश्वास ठेवून मी जे केले होते ते दोन ओळींत सांगण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले, तेव्हा मी ३४ वर्षांची होते. सुरुवातीला सावलीसारखे वाटणारे ते डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इतके ठळक झाले की, स्टाफरूममध्ये बोलताना समोरच्याची नजर डोळ्यांवरून गालाकडे सरकली तरी माझ्या लगेच लक्षात येत असे. मसुराचे पीठ, बटाट्याचा रस, दुधात उगाळलेले जायफळ, ज्यांनी जे सांगितले ते मी केले. जायफळाने गाल चुरचुरले आणि डाग आणखी गडद झाले. अशा मनःस्थितीत एका शनिवारी लोअर परळच्या मॉलमध्ये मी एका परदेशी ब्रँडच्या काउंटरपुढे उभी राहिले. तिथल्या मुलीने पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली माझा चेहरा पाहिला, आरसा दाखवला, आणि मी १८,५०० रुपये देऊन ५० ग्रॅमची बरणी घेऊन घरी आले. त्या ब्रँडचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

त्या बरणीच्या तळाची काच बोटभर जाड होती. झाकण फिरवले की चंदेरी कागद, त्याखाली क्रीम, आणि खोक्याच्या खाचेत क्रीम काढण्यासाठी एक इवलासा प्लास्टिकचा चमचा. सोबत जाड कागदावर छापलेली पुस्तिका होती आणि तिच्यात बर्फाळ डोंगरउतारावर फुलणाऱ्या एका फुलाची हकिगत होती. ते फूल कडाक्याच्या थंडीतही कोमेजत नाही, पहाटे हातानेच खुडले जाते आणि त्याची ही चिवट जीवनशक्ती त्वचेत उतरते, असे तिच्यात लिहिले होते. पुस्तिका मी दोनदा वाचली. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी मात्र बरणी अर्धी संपल्यावर वाचली. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे या उशिराची खंत मला आजही आहे.

ती यादी वाचण्याची एक साधी रीत आहे आणि ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असायला हवी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. एक टक्क्याची ही रेघ कुठे पडते ते खोक्यावर लिहिलेले नसते. पण अनेक क्रीममध्ये ती टिकावीत म्हणून फिनॉक्सीइथेनॉल नावाचे रसायन घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. त्यामुळे यादीत ते नाव दिसले की त्याच्या पुढचे सारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी आहे, असे खुशाल समजावे. माझ्या बरणीच्या यादीत आधी पाणी, मग ग्लिसरीन, एक सिलिकोन, शिआ बटर (एका आफ्रिकी झाडाच्या बियांतला स्निग्ध पदार्थ) अशी नावे होती, आणि ते फूल होते फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर, सुगंधाच्याही नंतर. म्हणजे ५० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम अर्क, आणि असे अर्कही बहुधा पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्येच मिसळलेले असतात. ज्या फुलासाठी सबंध पुस्तिका छापली होती, ते बरणीत जवळजवळ नव्हतेच.

ग्लिसरीन आणि शिआ बटर यांत वाईट काहीच नाही. उलट खरे काम तेच करत होते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. त्यात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ चुन्यासारखा भरलेला असतो. या भिंतीतून पाणी सतत उडत असते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, आणि रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली जिचे पेटंट घेतले ती व्हॅसलिन म्हणजे पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. पाणी टिकले की हा थर किंचित फुगतो, बारीक रेषा भरून येतात आणि चेहरा दोन-चार दिवसांत तुकतुकीत दिसू लागतो. हा परिणाम खरा आहे, आरशात दिसतो, आणि साध्या चांगल्या क्रीमनेही तो मिळतो. मात्र बरणीसोबत गोष्ट आलेली असली की आपण त्याचे श्रेय त्या फुलाला देतो. हीच भिंत बाहेरच्या मोठ्या रेणूंना आतही येऊ देत नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाहीत, असा आडाखा औषधशास्त्रात वापरतात. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, आणि त्याचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा आहे. क्रीममधले कोलॅजन त्वचेतल्या कोलॅजनची जागा घेते ही कल्पना इथेच संपते.

जाहिरातींत मग इतके मोठे दावे कसे करता येतात, याचे उत्तर एका क्रियापदात आहे. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या स्वच्छ करणारे, सुशोभित करणारे, आकर्षक करणारे किंवा रूप पालटणारे द्रव्य अशा अर्थाची आहे. त्वचेची रचना बदलते किंवा आजार बरा होतो असे म्हटले, तर ते द्रव्य औषधाच्या कक्षेत जाते. म्हणून खोक्यावर "सुरकुत्या कमी होतात" असे न लिहिता "सुरकुत्या कमी दिसतात" असे लिहितात. ही मर्यादा ओलांडली तर काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. लॉरिआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने आपल्याच लँकोम ब्रँडच्या जेनिफिक आणि लॉरिआल नावाच्याच यूथ कोड या उत्पादनांच्या जाहिरातींत जनुकांवर परिणाम होत असल्याचे दावे केले होते. ते फसवे व निराधार असल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला, आणि २०१४ साली कंपनीने तडजोड करून असे दावे पुराव्याविना न करण्याचे मान्य केले.

भाचीने पाठवलेली गोष्ट ला मेर या महागड्या ब्रँडच्या क्रीमची होती. मॅक्स ह्युबर हे अंतराळ क्षेत्रातले भौतिकशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतल्या अपघातात भाजले, १२ वर्षे आणि ६,००० प्रयोग करून त्यांनी समुद्री शेवाळ आंबवून एक अर्क सिद्ध केला, असे कंपनी सांगते. १९९५ मध्ये हा ब्रँड एस्टी लॉडर या बड्या अमेरिकी सौंदर्यप्रसाधन कंपनीने घेतला. गोष्ट हृद्य आहे, आणि एका भाजलेल्या माणसाच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. तरीही ६,००० हा आकडा कष्ट किती झाले ते सांगतो, निष्कर्ष काय निघाला ते सांगत नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने जर्नलमध्ये प्रयोग किती वेळा केला एवढेच लिहून आणले आणि निरीक्षणांचा तक्ता कोरा ठेवला, तर मी त्यावर सही करत नाही. या क्रीमच्या यादीत शेवाळाचा अर्क अगदी वर आहे, हे मान्य करायला हवे. पण त्याच्याबरोबर जी नावे आहेत, म्हणजे मिनरल ऑइल, ग्लिसरीन, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, लॅनोलिन अल्कोहोल, ती सारी निव्हियाच्या निळ्या डबीवरही वाचायला मिळतात.

एसके-टू या जपानी ब्रँडची गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. साके हे तांदळाचे मद्य गाळणाऱ्या वृद्ध कामगारांचे चेहरे सुरकुतलेले, पण हात मात्र मऊ होते, या निरीक्षणावरून यीस्टच्या किण्वनातून मिळणाऱ्या द्रवाचा शोध सुरू झाला, असे ती कंपनी सांगते. तांदळाचे धुवण केसांना लावणाऱ्या आज्या आपल्याही घरांत होत्या, त्यामुळे हे आपल्याला चटकन पटते. शिवाय तो द्रव बाटलीत नावापुरता नसून बाटलीचा मुख्य भागच तो आहे. पण निरीक्षण ही सुरुवात असते. दिवसभर ओलाव्यात राहिलेले हात आणि उन्हातून येणारे चेहरे यांच्यात फरक पडायला इतरही कारणे असू शकतात, आणि ती वेगळी काढायची तर तुलना करावीच लागते.

तशी तुलना मी माझ्या चेहऱ्यावर केली. उरलेली अर्धी बरणी मी उजव्या गालाला लावली आणि डाव्या गालाला औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन व पेट्रोलियम जेलीचे साधे क्रीम, दोनशे-सव्वादोनशे रुपयांचे. आठ आठवडे, दर रविवारी सकाळी दहाला खिडकीपाशी फोटो. कोणत्या गालाला काय लावते ते सासूबाईंना आणि ताईला सांगितले नव्हते. शेवटी दोघींनाही फरक सांगता आला नाही. गाल दोन्ही मऊ होते आणि डाग दोन्हीकडे जसेच्या तसे होते.

एका चेहऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण २००६-०७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या वस्तूंची तपासणी करणाऱ्या ग्राहक संस्थेने सुरकुत्यांवरची क्रीम १२ आठवडे तपासली, तेव्हा सर्वांत चांगल्या क्रीमनेही सुरकुत्यांची खोली सरासरी दहा टक्क्यांहून कमीच घटली, आणि सर्वांत महागडे क्रीम सर्वांत कमी परिणामकारक क्रीममध्ये निघाले. याहून महत्त्वाचा वाटतो तो मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा २००९ सालचा अभ्यास. बूट्स या ब्रिटिश औषधदुकानांच्या कंपनीच्या नंबर सेव्हन या मध्यम किमतीच्या क्रीमची त्यांनी त्याच क्रीमच्या साध्या बैठकीशी, म्हणजे गुणकारी घटक काढून घेतलेल्या क्रीमशी, तुलना केली. सहा महिन्यांनी खऱ्या क्रीमच्या गटातल्या ४३ टक्के लोकांत सुधारणा दिसली आणि साध्या बैठकीच्या गटातही २२ टक्के लोकांत दिसली. पैसे कंपनीचेच होते आणि माणसे थोडी होती, तरी प्रश्न योग्य विचारला होता : घटक काढून घेतला तर काय उरते? बरणी घेण्याआधी विचारावा असा हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला आजवर एकाही पुस्तिकेत मिळालेले नाही.

महाग ते सगळेच पोकळ, असे मात्र म्हणवत नाही. स्किनस्यूटिकल्स या महागड्या ब्रँडच्या क जीवनसत्त्वाच्या सीरममागे ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांचे संशोधन आहे. १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यावर द्रावण अधिक टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षण जवळजवळ दुप्पट होते, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. असे द्रावण स्थिर ठेवणे खरोखर कठीण आहे. मुंबईच्या मे महिन्यात बाथरूममध्ये ठेवलेली क जीवनसत्त्वाची बाटली किती लवकर नारिंगी आणि मग तपकिरी होते, ते मी पाहिले आहे. तिथे किंमत कौशल्याची आहे, निदान अंशतः. आणि स्वस्त म्हणजे प्रामाणिक असेही नाही. १९७५ पासून आपल्याकडे फेअर अँड लव्हलीने गोरेपणाची जी गोष्ट विकली, ती खिशाला परवडणारी होती म्हणून कमी दुखावणारी नव्हती. नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडावे लागले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ला मेर आणि स्वस्त, रोखठोक म्हणून ओळखले जाणारे द ऑर्डिनरी हे दोन्ही आज एस्टी लॉडरचेच आहेत. निव्हिया आणि कॅव्हिआरची, म्हणजे माशांच्या महागड्या अंड्यांची, क्रीम विकणारे ला प्रेरी हे दोन्ही बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीचे. एकाच घरातून दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना दोन प्रकारच्या गोष्टी सांगितल्या जातात.

माझ्या डागांवर उपाय सापडला तो पालिकेच्या रुग्णालयात, दहा रुपयांच्या केसपेपरवर. तिथल्या तरुण डॉक्टरने उजेडात गाल पाहिले आणि विचारले, "मॅडम, कॉलेजला कशा जाता?" लोकलने, असे मी म्हटले. "बसता कुठे?" मिळाली तर खिडकीशी. "मग आधी ती खिडकी सोडा." वांगाचे डाग केवळ अतिनील किरणांनी नव्हे तर साध्या उजेडानेही गडद होतात, म्हणून लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्या, हे तिने समजावले. तर्जनी आणि मधले बोट पुढे धरून दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत सनस्क्रीनची रेघ ओढून दाखवली आणि म्हणाली, "रोज एवढे, याहून कमी नाही." रात्रीसाठी तीन महिन्यांचे एक औषधी मलम दिले आणि मुदत संपल्यावर ते स्वतःच्या मनाने पुन्हा आणायचे नाही, असे दोनदा बजावले.

सनस्क्रीनबद्दलचा पुरावा किती भक्कम आहे हे मी नंतर वाचले. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी भरले. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात डोंगरउतार नाही, फूल नाही, शेवाळ नाही. मॉलमधल्या त्या मुलीने मला सनस्क्रीनबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता, आणि याचे मला पैशांहून अधिक वाईट वाटते.

माझे डाग पूर्ण गेलेले नाहीत. मे महिन्यात ते पुन्हा थोडे वर येतात, पाऊस लागला की फिके होतात. लेडीज डब्यात मी अजूनही आतल्या बाजूला बसते. भाचीला मी हे सगळे फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले की छटेचे सनस्क्रीन आपल्या रंगाला जुळते की नाही ते कसे ओळखायचे. येत्या रविवारी आम्ही दोघी दादरला औषधाच्या दुकानात जाणार आहोत. हनुवटीपाशी थोडे लावून, दुकानातून बाहेर येऊन, फुटपाथवरच्या उजेडात पाहायचे असे ठरले आहे.