गुऱ्हाळावरचा इंची बोल्ट

जानेवारीत महालक्ष्मी एक्सप्रेसने मी सकाळी कोल्हापूरला उतरलो, तो अंबाबाईच्या दर्शनासाठी नव्हे, तर दुभाषा म्हणून. अमेरिकेतील एका विद्यापीठात मानवतावादी अभियांत्रिकी आणि सामाजिक उद्योजकता हा अभ्यासक्रम घेणारे पाच विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर तीन दिवस काम करणार होते. यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेला आणि इकडची बोली कळणारा माणूस म्हणून एका मित्राने माझे नाव सुचवले होते. तिकडे हिवाळी सुट्टी आणि इकडे गुळाचा हंगाम, हा योग जुळत असल्याने या सहली बहुधा याच महिन्यात निघतात.

गुऱ्हाळावर पोहोचलो तेव्हा काहिलीतला रस उकळू लागला होता आणि भेंडीचा रस घातल्यावर वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढून टाकत होता. विद्यार्थ्यांचे लक्ष मात्र खाली, चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, तोंडाशी उसाचे वाळलेले चिपाड आत सारणाऱ्या गड्याकडे होते. उलटून येणाऱ्या जाळाने त्याच्या हातावरचे केस पार जळून गेले होते. याच जाळापासून बचाव व्हावा म्हणून दोन वर्षांपूर्वी याच विद्यापीठाच्या आधीच्या तुकडीने एक लोखंडी झुलते दार बनवून चुलवाणाला बसवले होते. ते दार आता चिपाडाच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर आडवे टाकलेले होते.

“दार झ्याक हुतं सर,” गुऱ्हाळाचे मालक म्हणाले, “पर बिजागरीचा बोल्ट तुटला, आणि ह्यो आटा हितला न्हवं.”

मी बोल्ट हातात घेतला. तो अमेरिकी इंची मापाच्या आट्यांचा होता. आपल्या बाजारात मिलिमीटरच्या मापाचे बोल्ट पोत्याने मिळतात. हा मिळवण्यासाठी मालकांनी एक हंगामभर चौकशी केली आणि मग नाद सोडला. दाराची कल्पना चांगली होती आणि ते बनवणाऱ्या मुलांची तळमळही खोटी नव्हती. चुकले ते पैशाच्या आखणीत, आणि त्या संध्याकाळी प्राध्यापकांनी अनुदानाच्या अर्जाचा खर्चतक्ता दाखवल्यावर ते माझ्या ध्यानात आले. विमानाची तिकिटे, व्हिसा, लसी, प्रवासी विमा आणि निवास यांतच बहुतेक अनुदान संपले होते; साहित्याला थोडे होते, आणि मुले परतल्यानंतरच्या काळासाठी काहीच नव्हते.

हे याच विद्यापीठाचे दुखणे आहे असे नाही. अमेरिकेतील दानशूर कॅथरिन डेव्हिस यांनी आपल्या शंभराव्या वाढदिवसाला, २००७ मध्ये, सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ योजनेत विद्यार्थ्यांच्या प्रत्येक प्रकल्पाला १०,००० डॉलर मिळू लागले. रक्कम घसघशीत आहे, पण अशा अनुदानाचा हिशेब उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर मिटतो. याउलट अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेली ‘लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर’ ही चाकांची खुर्ची मुद्दाम सायकलच्या सुट्या भागांतून घडवलेली आहे, म्हणजे ती बिघडली तर सायकलवाला तिला हात घालू शकतो. दुरुस्तीचा विचार आराखड्यातच झाला की अनुदान संपले तरी वस्तू चालू राहते.

दुसऱ्या दिवशी दसरा चौकातून जाताना मी मुलांना तिथली वसतिगृहे दाखवली. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत गेली. त्या वसतिगृहांना नुसती जागा मिळाली नाही, दरवर्षीची मदत, म्हणजे वर्षासनही मिळाले. वर्षासन या शब्दाचा अर्थ समजावून सांगताना माझी थोडी दमछाक झाली, पण त्यातल्या एका मुलीने तो शब्द वहीत लिहून घेतला.

मग आपण गुऱ्हाळाला वर्षासन का देऊ नये, असे तिने विचारले. प्रश्न सरळ असला तरी उत्तर सरळ नाही. विदेशी अंशदान नियमन कायद्यानुसार परदेशी देणगी घ्यायला संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते आणि दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. गावच्या एखाद्या मंडळाने हे सारे करावे ही अपेक्षा अवास्तव आहे. मात्र नेहमीच्या धंद्यात विकलेल्या मालाचे किंवा केलेल्या कामाचे पैसे या कायद्याने देणगी ठरत नाहीत. म्हणून मी प्राध्यापकांना सुचवले की पुढच्या अर्जात तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम धरावी आणि ती इथल्या एखाद्या वर्कशॉपला कामाच्या बिलापोटी द्यावी. एका विद्यार्थ्याचे तिकीट कमी करावे लागले तरी चालेल, असेही म्हणालो. त्यावर ते गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही ते दार टेम्पोत टाकून शिवाजी उद्यमनगरात नेले. लेथवरच्या मिस्त्रींनी तुटका बोल्ट एकदा बोटांत फिरवून बाजूला ठेवला आणि आट्यांच्या भानगडीत न पडता बिजागरीचे भोक मोठे करून त्यात साधी पिन बसवली. पिन खिळ्यासारखी वरून घालायची आणि खाली तार ओवायची. झिजली तर गुऱ्हाळावरचा कोणीही ती बदलू शकेल. दाराला लागल्या दोन, आणि चार जादा करून त्यांनी फडक्यात बांधून दिल्या. संध्याकाळी दार चुलवाणाला बसले. चिपाड सारणाऱ्या गड्याने ते दोनदा झुलवून पाहिले, खालची कड एक वीत वर हवी म्हणून सांगितले, आणि मुलांनी ते माप घेतले.

मिस्त्रींनी बिल दिले होते: ‘गुऱ्हाळाचे दार, पिना ६ नग, मजुरीसह.’ विद्यापीठाच्या हिशेबासाठी त्याचे इंग्रजी भाषांतर हवे, असे प्राध्यापकांनी स्टेशनवर सांगितले. फलाटावरच्या बाकावर बसून मी लिहायला घेतले आणि पहिल्याच शब्दाशी अडलो. शेवटी रोमन लिपीत ‘गुऱ्हाळ’ असेच लिहिले आणि खाली सही केली.