एक्स्ट्रॅक्टर तीनदा बदलला, दोष चेंबरमध्ये निघाला

सात आठवडे माझी रायफल कंपनीच्या वॉरंटी विभागात पडून होती. परत आली तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती: एक्स्ट्रॅक्टर (झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी कडेला धरून बाहेर ओढणारं नख) बदलला, दहा राउंड झाडले, दोष आढळला नाही. त्या चिठ्ठीचा राग अजून गेलेला नाही.

मी ह्यूस्टनजवळ राहते. कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, ती आवड इथे पुन्हा जागी झाली आणि क्लबच्या स्पर्धांसाठी एआर-१५ घेतली. १६ इंची बॅरल, मिड-लेंग्थ गॅस सिस्टिम (झाडल्यावर नळीतल्या वायूने बोल्ट मागे ढकलणारी, मध्यम लांबीची). पहिले तीनेकशे राउंड स्वस्तातल्या स्टील पुंगळीचे झाडले, काही अडलं नाही. मग स्पर्धेसाठी पितळी काडतुसं आणली आणि दुसऱ्याच मॅगझिनमध्ये पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीत, रुतून बसली. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हाताने खेचूनही मागे येईना.

रेंजवर प्रत्येकाचं एकच मत: एक्स्ट्रॅक्टर बदला. कडक स्प्रिंग घाला, भोवती रबरी ओ-रिंग बसवा. मी दोन्ही केलं. मग नवाच त्रास सुरू झाला. नखावरचा ताण इतका वाढला की पुंगळीची कड त्याखाली सरकेना, बोल्ट शेवटच्या दोन मिलिमीटरवर थांबायचा. आणि पुंगळ्या अडकायच्या त्या अडकतच होत्या. दुसऱ्या कंपनीचा अख्खा एक्स्ट्रॅक्टर आणून बसवला, तेच. (रायफल अडकली की आधी मॅगझिन काढा, नळी टार्गेटच्या दिशेनेच ठेवा, आणि आत रिकामी पुंगळीच आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढून सळई घालू नका. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.)

शेवटी वॉरंटी. इथे दुरुस्तीसाठी रायफल थेट उत्पादकाकडे पाठवता येते आणि ती थेट घरी परत येऊ शकते, त्यामुळे मला वाटलं पंधरा दिवसांचं काम. फॉर्ममध्ये तक्रारीसाठी एकच ओळ होती. मी वेगळा कागद जोडला: कोणती काडतुसं, कितव्या राउंडला अडकलं, आधी काय बदलून पाहिलं. अडकलेल्या सहा पुंगळ्या पिशवीत घालून, प्रत्येकीवर मार्करने क्रमांक टाकून सोबत दिल्या. तिसऱ्या आठवड्यात फोन केला तर रायफल अजून रांगेत. पाचव्या आठवड्यात चाळीस मिनिटं फोन धरून बसले, तेव्हा कळलं की तपासणी झाली आहे, पण काय सापडलं ते सांगता येणार नाही, अहवाल सोबत येईल. सातव्या आठवड्यात खोकं आलं. माझी पुंगळ्यांची पिशवी चिकटपट्टीसकट जशीच्या तशी होती. कोणी उघडलीच नव्हती. सगळं उत्तर त्या पिशवीत होतं आणि सात आठवड्यांत कोणाला ती उघडावीशी वाटली नाही. त्याच शनिवारी रेंजवर गेले. चौदाव्या राउंडला पुंगळी अडकली.

त्या रात्री पुण्याला बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, आयुष्यभर पितळ हाताळलेला माणूस. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अगं, पुंगळ्या ठेवल्यास ना? बूड दाखव." मी त्या दिवशी अडकलेली पुंगळी कॅमेऱ्यासमोर धरली. "कड फाटली आहे. म्हणजे नखाने धरलं होतं, सोडलं नाही. धरणाऱ्याला कशाला बदलतेस? पुंगळी का सुटत नाही ते बघ."

मी दोन महिने उलट्या टोकाकडून बघत होते. कड स्वच्छ असेल आणि पुंगळी आत राहिली असेल, तर नख घसरतंय. तेव्हा स्प्रिंग, नखाखालचा कचरा आणि एक्स्ट्रॅक्टर तपासायचा. कड वाकली किंवा फाटली असेल, तर दोष बहुतेक वेळा चेंबरचा, काडतुसाचा किंवा गॅसचा. बाबांनी आणखी एक सांगितलं: पितळ दाबाने फुगतं आणि लगेच आकसतं, म्हणून ते भिंत सोडतं. स्टील तितकं फुगून चेंबर बंद करत नाही, बाजूने काजळी मागे येते. त्या काजळीच्या थरात मग पितळी पुंगळी रुतते.

दुसऱ्या दिवशी रेंजवरच्या म्हाताऱ्या गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) तीच पुंगळी दाखवली. त्याने भिंगातून पाहून अंगावरच्या बारीक गोल रेघा दाखवल्या. त्या कापणाऱ्या हत्याराच्या खुणा होत्या, चेंबरमधून पितळावर उमटलेल्या. आधी चेंबरच्या खास ब्रशने काजळी काढली, मग चेंबर अगदी हलक्या हाताने पॉलिश केलं. एक तासाचं काम. मी मूळ एक्स्ट्रॅक्टर आणि मूळ स्प्रिंग परत बसवली, ओ-रिंग काढून टाकली. त्यानंतर सहाशेहून अधिक राउंड झाले आहेत, एकही अडकलेला नाही. हा छडा बाबांनी पुण्यात बसून लावला याचा मला फार अभिमान आहे.

व्हिएतनाम युद्धात एम-१६ च्या, म्हणजे एआर-१५ च्याच लष्करी आवृत्तीच्या, पुंगळ्या अशाच अडकायच्या, सैनिक सळईने ठोकून काढायचे. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. काडतुसातली दारू बदललेली होती, चेंबरला क्रोमचा थर नव्हता, सफाईचं साहित्य पुरेसं पोचलं नव्हतं. हे मला आधी माहीत असतं तर पहिली खरेदी ब्रशची केली असती.

कडक स्प्रिंग निरुपयोगी नाही. आखूड गॅस सिस्टिममध्ये बोल्ट लवकर उघडतो, दाब पुरता उतरलेला नसतो, पुंगळी भिंतीला चिकटलेली असते. तिथे नखाला जोर लागतोच. एम-४ या आखूड लष्करी कार्बाइनला म्हणूनच जास्त ताकदीची स्प्रिंग दिली गेली. तुमची गॅस सिस्टिम आखूड असेल तर जरूर घाला. पण १६ इंची मिड-लेंग्थला किंवा २० इंची रायफलला, पुंगळीची कड न पाहता एक पैसाही खर्च करू नका.

ती पिशवी मी तशीच बंद ठेवली आहे, कंपनीच्या चिठ्ठीसोबत.