कंबोईची भरती आणि आमची विश्वामित्री

बडोद्याहून पादरा, जंबुसर, कावी करत कंबोई साधारण पाऊणशे किलोमीटर. लोक जातात ते स्तंभेश्वर महादेवाला, भरती आली की पिंडी पाण्याखाली आणि ओहोटीला परत मोकळी, दिवसातून दोनदा. आम्हीही दर्शनालाच निघालो, मी, आई आणि बडोद्यातच समा भागात राहणारी मावशी, पण माझ्या मनात आमची विश्वामित्री नदी होती. पावागढावरून निघते, शहरातून वळणं घेत खाली जाते, ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात. कंबोई मही नदीच्या तोंडाशी आहे, ढाढरचं मुख तिथून दक्षिणेला, पण आखात तेच ना.

जंबुसर सोडलं की जमीन बदलायला लागते. कापूस, मग नुसता गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, मग मिठाचा पांढरा थर आलेली मोकळी माती. टपरीवर चहाला थांबलो तर काका म्हणाले, इथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही बेन, प्यायला पाइपलाइनचंच. असं खारं पाणी नाइलाजाने प्यावं लागतं तिथे काय होतं ते बांगलादेशात दिसलंय, खुलनाजवळच्या दाकोप भागात गरोदर बायकांमध्ये बीपी वाढण्याचा संबंध प्यायच्या पाण्यातल्या मिठाशी आढळला. समुद्र आत सरकतो म्हणजे फक्त शेत जातं असं नाही, माणसाच्या अंगात शिरतो तो.

मंदिरात आम्ही वेळेत पोचलो. आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे पाणी येतं ते दिसण्यासारखं येतं, मातकट, घाईत, बघता बघता पायऱ्या गिळत. मावशीने नमस्कार केला आणि लगेच मागे सरकली. 2024 च्या ऑगस्टपासून चढतं पाणी बघितलं की तिच्या छातीत धडधड होते. तेव्हा विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 26. मगरी सोसायट्यांमध्ये आल्या त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, पण पाणी उतरल्यावरचा तो काळा चिकट गाळ, गटाराचा वास, आणि अनवाणी पायाने घर धुणारी माणसं, त्याचे व्हिडिओ कोण काढतं? उंदराच्या लघवीतले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पायाच्या बारीक चिरेतूनही शिरतात, म्हणून पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. मावशीला ताप आला नाही, देवाची कृपा, पण अजूनही पावसाचा अलर्ट आला की ती तांदळाचे डबे माळ्यावर चढवते. यालाही आजारच म्हणायचं ना?

ओहोटीची वाट बघताना किनाऱ्याने थोडं चाललो तर चिखलात तवरांची झाडं, आपल्याकडे कोकणात तिवर म्हणतात तीच खारफुटी. चिखलातून श्वासमुळं वर आलेली, बोटभर उंच, शेकड्यांनी, पाय कुठे ठेवायचा कळेना. एक पान उलटून बघितलं तर मिठाचे बारीक कण चिकटलेले, जिभेला लावलं तर खारट! नको असलेलं मीठ हे झाड पानातून बाहेर टाकतं, मुळांशी गाळ धरून ठेवतं आणि लाटेचा जोर मोडतं. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा होता तिथे माणसं कमी दगावली, यावर नंतर चांगला अभ्यास झालाय. गुजरातचा नंबर खारफुटीत बंगालनंतर दुसरा, पण त्यातली बरीचशी कच्छमध्ये, त्यामुळे आखाताच्या या बाजूचा एकेक पट्टा जपायला हवा.

आणि वर शहरात हेच काम विश्वामित्रीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, करायची, पुराचं पाणी पोटात घ्यायची. ती बुजवून आपण बिल्डिंगा उभ्या केल्या. बडोदा बुडतं ते मुख्यतः धो धो पाऊस, आजवा धरणाकडून येणारं पाणी आणि या बुजलेल्या जागांमुळे, पण खाली समुद्राजवळ भरती असेल तर नदीकाठच्या गावांतलं पाणी लवकर ओसरत नाही आणि साचलं की डास, जुलाब, कावीळ सगळं मागोमाग. 2025 मध्ये पात्र खोल-रुंद करायचं काम झालं, चांगलंच आहे, पण काठावरची झाडं आणि पाणथळ जागाही तेवढ्याच जपल्या पाहिजेत, शहराच्या आरोग्याच्या बजेटमध्येच हे धरायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघून निघा, ती रोज बदलते. चिखलात उतरायचं तर बूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. पाणी घरून न्या. आणि तवरांच्या श्वासमुळांवर पाय देऊ नका, झाड त्यांतूनच श्वास घेतं.