तेरा नंबर कुशनला लागलाच नाही

पुण्यातल्या एका पूल पार्लरमध्ये मी मार्कर आहे. रॅक लावायचा म्हणजे बॉल त्रिकोणात रचायचे, वेळ लिहायची, चॉक पुरवायचा आणि स्पर्धा असली की रेफरी व्हायचं. त्या रविवारी एट-बॉलची, म्हणजे पूलच्या एका प्रकारची, सेमीफायनल होती. स्कोअर ४-४, पुढचा रॅक, म्हणजे पुढचा गेम, जिंकेल तो फायनलला.

ब्रेक, म्हणजे रचलेला ढीग फोडायचा पहिला फटका, कॉलेजच्या पोराचा. समोर गॅरेजवाले शेठ, वयाने त्याच्या दुप्पट. पोराने मुद्दाम हलका ब्रेक मारला. ढीग फार फुटू द्यायचा नाही, व्हाइट, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल, आपल्या बाजूला परत आणायची, शेठना मारायला काही ठेवायचं नाही. डाव वाईट नव्हता. पण एकही बॉल पडला नाही तर निदान ४ बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागावे लागतात. ब्रेकला सगळा हॉल पॉकेटं बघतो, मी कुशन बघतो. मागच्या कुशनला दोन लागले, उजवीकडे एक. तेरा नंबरचा, केशरी पट्ट्याचा, रमतगमत डावीकडे निघाला आणि कुशनपासून नखभर अलीकडे थांबला.

"इलिगल ब्रेक," मी म्हणालो.

"दादा, लागला ना तो! आणि व्हाइटपण लागली की. ती धरा, झाले चार."

व्हाइट धरत नाहीत, हे त्याला सांगेपर्यंत कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून बॉल आणि कुशनमधली फट दाखवायला लागला. त्या फटीला काही अर्थ नसतो. लागून परत आलेल्या बॉलच्या मागेही फट असतेच. बॉल चालताना बघितला असेल त्यानेच बोलावं, आणि मी बघितला होता.

या गडबडीत माझं शेठकडे लक्षच नव्हतं. त्यांनी व्हाइट उचलून हातात घेतली होती आणि कुठे ठेवावी म्हणून टेबलाभोवती फिरत होते. रोज नाइन-बॉल खेळणारा माणूस. तिथे असा ब्रेक म्हणजे सरळ फाऊल, व्हाइट टेबलावर हवी तिथे ठेवा. एट-बॉलमध्ये तसं नाही. आहे त्या टेबलावर खेळा, नाहीतर रॅक परत लावून स्वतः ब्रेक करा, नाहीतर त्यालाच पुन्हा करायला लावा. व्हाइट हातात मिळत नाही.

"हात लावला! आता त्यांचा फाऊल!" पोरगा ओरडला.

नियमाने बघाल तर तो चुकीचं बोलत नव्हता. पण शेठना तीन पर्याय सांगायचं काम माझं होतं, आणि मी टॉर्चवाल्याशी हुज्जत घालत बसलो होतो. मी शेठच्या हातातून व्हाइट घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, फाऊल देणार नाही. पोराचा चेहरा उतरला. तो निर्णय नियमापेक्षा शरमेपोटी दिला असेल, पण आज वेळ आली तरी तोच देईन.

शेठनी स्वतः ब्रेक घेतला. दणकून मारला. दोन बॉल पडले आणि त्यांच्या मागोमाग व्हाइटही मधल्या पॉकेटात गेली. पोराने ती काढली, शर्टाला पुसली आणि थेट टेबलाच्या मध्यावर ठेवायला वाकला.

"हेड स्ट्रिंगच्या मागून, ब्रेक मारतात त्या रेघेच्या मागून," मी म्हणालो. या वेळी बॉल कापडाला टेकायच्या आत.

शेठ खुर्चीत बसल्या बसल्या हसले.