नववीच्या वर्गात शरीराची तरफ

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. गुडघे आणि कंबर धरून येणारी माणसे रोज पाहताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे : ज्या शरीराच्या बळावर आपण आयुष्यभर चालतो, वाकतो, ओझी उचलतो, त्याची हालचाल होते कशी, हे शाळेत कोणी उलगडून सांगितलेले नसते. म्हणून पंचवटीतील एका शाळेत नववीच्या मुलांसाठी शनिवारचे काही तास मागून घेतले.

सुरुवात खुर्चीपासून केली. कबड्डी खेळणाऱ्या एका दणकट मुलाला पाठ ताठ आणि पोटऱ्या सरळ ठेवून बसवले, त्याच्या कपाळावर एक बोट टेकवले आणि उठायला सांगितले. त्याला उठता येईना. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य पावलांच्या मागे असतो. पुढे झुकून तो पावलांवर आणल्याशिवाय उठता येत नाही, आणि बोटाने नेमके ते झुकणेच अडवलेले असते.

मग तरफ. टेकू, भार, बल हे शब्द मुलांना पाठ होते, पण कोपर हाच टेकू आहे, हे त्यांच्या ध्यानात आलेले नव्हते. एका मुलीने कोपर काटकोनात ठेवून पाण्याची एक लिटरची बाटली तळहातावर पेलली आणि दुसरीने पट्टीने अंतरे मोजली. कोपरापासून तळहात ३२ सेंटिमीटर; दंडाचा स्नायू कोपराच्या पुढे सुमारे ४ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, हे मी सांगितले. म्हणजे एक किलोच्या बाटलीसाठी स्नायूला जवळजवळ ८ किलो वजनाइतका ताण द्यावा लागतो, आणि हाताचे स्वतःचे वजन त्यात धरलेलेच नाही. ‘मग शरीराने अशी तोट्याची रचना का केली?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून आला, आणि माझ्या मते त्या तासातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच. बळात जे गमावले, ते वेगात मिळते : स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो. चेंडू लांब फेकता येतो तो यामुळेच.

धावण्याचा विषय निघाला, तेव्हा मुलांनी आपणहून कविता राऊत यांचे नाव घेतले. आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या या धावपटूने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले होते. पाऊल टेकताना टाचेमागची जाड कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि उचलताना साठलेली ऊर्जा परत देते, हे मुले स्वतःची टाच चाचपत ऐकत होती.

पुढच्या शनिवारी मैदानावर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने, एका मुलीचे धावणे टिपले. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. इथे दोन्ही पाय हवेत असल्याचे स्पष्ट दिसले. एकेक चौकट पुढे सरकवत मोजले, तर पाऊल ६० चौकटी, म्हणजे पाव सेकंद, जमिनीवर होते. तेवढ्या वेळात वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येऊ शकते, असे सांगताच तिने वही उघडली, ४२ हा आकडा लिहिला आणि त्याखाली गुणाकार मांडायला घेतला.